गवतातले कोळी मोजताना

पावसाळा संपला की रांझीत आमच्या मैदानाच्या कुंपणालगतचे गवत कमरेपर्यंत वाढते. बहुतेक जण त्याला पडीक जागा समजतात. यंदा आम्ही नेचर क्लबचे कॅडेट तिथले कोळी मोजायला शिकलो.

एकाच पद्धतीने सगळे कोळी सापडत नाहीत, कारण गवतात प्रत्येकाचा मजला वेगळा. वुल्फ स्पायडर जमिनीवर धावून शिकार करतो. त्याच्यासाठी प्लॅस्टिकचा कप मातीत कडेपर्यंत पुरतात. चालता चालता कोळी आत पडतो. लिंक्स स्पायडर पात्यांवर दबा धरतो. त्याच्यासाठी कापडी जाळी गवतावरून झाडूसारखी फिरवतात. फुलावर लपलेला खेकडा कोळी मात्र बारकाईने पाहूनच दिसतो.

दुसरी गोष्ट शिस्तीची. एका सेक्शनने दोन तास शोधले आणि दुसऱ्याने दहा मिनिटे, तर आकड्यांची तुलना करता येत नाही. म्हणून उंच गवत आणि कापलेले गवत, दोन्हीकडे एक मीटरचे चौकोन आखायचे. वेळ तीच, मिनिटे तितकीच, माणसेही तितकीच. काही सापडले नाही, तर शून्यही लिहायचे.

तिसरी गोष्ट नावाची. प्रजाती ओळखायला पूर्ण वाढलेला कोळी आणि मायक्रोस्कोप लागतो. पिल्लांवरून सहसा सांगता येत नाही. म्हणून आम्ही फक्त कुळ लिहितो, फोटो काढतो आणि कोळी तिथेच सोडतो.

जगात कोळ्यांच्या ५० हजारांहून जास्त प्रजाती नोंदलेल्या आहेत आणि नव्या सापडतच आहेत. ठाणे परिसरात सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला २०२१ मध्ये 'आयसियस तुकारामी' हे नाव मिळाले. २६/११ ला कसाबला पकडताना शहीद झालेले, अशोक चक्र विजेते तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ते दिले आहे.

इन्स्पेक्शनच्या आधी सगळे गवत कापले जाते. बॅरेकजवळ ते कापायलाच हवे, नाहीतर सापाची भीती. पण उंच गवत गेले की जाळे बांधायला आधार उरत नाही आणि पात्यांवरच्या कोळ्यांचे घरच जाते. पिकांवरचे किडे खाणारे हे शिकारी आहेत. बॅरेकपासून दूर, कुंपणाकडेचा एक पट्टा हिवाळा संपेपर्यंत न कापता ठेवावा, एवढीच आमची विनंती आहे. पुढच्या बॅचला तेच चौकोन पुन्हा मोजता येतील.