तांब्याच्या खाणीतला मासा

इकडे ये, चिमणे. आजी बांगडे साफ करायला बसायच्या आत त्यातला एक मला आणून दे. हं. याच्या पाठीवर ही खाच दिसते? तिच्यात नख घालून हळूच वर उचल. उघडला ना पंखा? उजेडात धर बघू. माशाच्या या परात बारीक काड्या आहेत आणि काड्यांवर पातळ कातडं ताणलंय, छत्रीच्या कापडासारखं. ज्यांच्या परांना अशा काड्या, ते सगळे एका घराण्यातले. बांगडा, सुरमई, पापलेट, बोंबील, तळ्यातला रोहू. आज या घराण्याच्या 30,000 हून जास्त जाती आहेत. मुशी मात्र यांच्यातली नाही, तिचं घराणं निराळं.

आता हात धू आणि कपाटातला फडक्यात गुंडाळलेला दगड आण. दोन्ही हातांनी धर हो.

हा दगड मूळचा चिखल. जर्मनीत मान्सफेल्ड म्हणून भाग आहे, तिथला. वय 25 कोटी वर्षांहून जास्त. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा वाहिला तो साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे दगडातला हा मासा सह्याद्रीच्याही कितीतरी आधीचा. डायनोसॉरसुद्धा अजून जन्माला यायचे होते.

मामाच्या वाड्यातला जुना आड आठवतो? वर्षानुवर्षं उपसा नाही, म्हणून तळाचा गाळ काळा पडला होता, आणि मामाने तो ढवळला तेव्हा सडक्या अंड्यांसारखा वास सुटला होता. हा मासा ज्या समुद्रात राहायचा, त्याचा तळ अगदी तसाच होता. वरच्या पाण्यात मासे मजेत फिरायचे. खाली मात्र प्राणवायू नव्हता. मेलेला मासा तळाशी पोचला की त्याला खायला ना खेकडा, ना किडा. वरून चिखलाचं पातळ पांघरूण पडत राहिलं. त्या चिखलाचा दाबून दाबून थराथरांचा दगड झाला. त्याला शेल म्हणतात. मग खालून खनिजं विरघळलेलं खारं पाणी झिरपत आलं आणि त्यातलं तांबं या काळ्या थरात अडकलं. म्हणून माशाच्या अंगावर ही सोनेरी झाक आहे. सोनं नव्हे, तांब्याचं खनिज आहे ते.

याच तांब्यासाठी तिथे सुमारे 800 वर्षं खाणी चालल्या. शेवटची 1990 मध्ये बंद झाली. तांब्याचा थर जेमतेम हाताएवढा जाड. तेवढ्यासाठी उंच बोगदा कोण खोदणार? पूर्वी कामगार कुशीवर आडवे पडून, मान वाकडी करून दगड फोडायचे. त्यांना लोक ‘वाकड्या मानेचे’ म्हणत. या माशाकडे बघताना मला ते नेहमी आठवतात. कंदिलाच्या उजेडात, नाकापासून वीतभर अंतरावर हा चमकणारा मासा पहिल्यांदा पाहिला तो त्यांनीच.

पण समुद्रापासून इतक्या दूर, जमिनीखाली मासा आलाच कसा? दगडानेच गंमत म्हणून माशाचा आकार घेतला, असं कित्येक विद्वान मानत. लाइब्निझ म्हणून मोठे गणिती होते, खाणींच्या कामातही मुरलेले. ते म्हणाले, नाही, हे खरेखुरे मासे आहेत. त्यांनी दाखला दिला सोनाराचा. सोनार एखादा किडा मातीत लिंपतो, भट्टीत घालतो, आतली राख काढून टाकतो आणि त्या पोकळीत चांदी ओततो. किडा जातो, चांदीचा किडा उरतो. निसर्गाने माशाचं तसंच केलं. सगळा तपशील त्यांचा बरोबर नव्हता, पण 1690 च्या सुमाराला भट्टीकडे पाहून दगडातला मासा ओळखणारा तो माणूस मला फार जवळचा वाटतो.

आता बोट फिरव. हे खवले बांगड्यासारखे पातळ नाहीत. जाड, चौकटच्या आकाराचे, दातावर असतो तसा चकचकीत लेप असलेले, आणि कौलांसारखे एकात एक अडकवलेले. शेपूट बघ, वरचं टोक लांब आणि अंग त्यात शिरलेलं, मुशीसारखं. बांगड्याची दोन्ही टोकं सारखी. याच्या पाठीच्या मण्यांची हाडंही अजून पक्की झालेली नव्हती. सगळी मजबुती बाहेरच्या चिलखतात. नाव पॅलिओनिस्कम. आणि हा पर... मोज बरं काड्या. आहेत ना?

मी मान्सफेल्डला कामानिमित्त होतो तेव्हा एका रविवारी तिथल्या आयस्लेबेन गावच्या सहकाऱ्याबरोबर परवानगी काढून खाणीच्या ढिगाऱ्यावर गेलो होतो. शे-दीडशे मीटर उंचीचे ढीग आहेत तिथे, सपाट रानात डोंगरच. दगड उभा धरायचा, थराच्या कडेवर छिन्नी ठेवायची आणि हलके ठोके घालायचे. घाई केली की चुरा. दिवसभरात शंभरेक दगड फोडले असतील; खारीसारखे पापुद्रे सुटत, पण आत काही नाही. संध्याकाळी एक दगड उघडला तो मासा घेऊनच.

आपल्याकडे? आहेत की! गडचिरोलीत सिरोंच्याच्या बाजूला, प्राणहितेकाठच्या कोटा गावच्या चुनखडीत असेच चिलखती मासे मिळाले. त्यातल्या एकाचं नाव दख्खनवरून ठेवलंय, लेपिडोटिस डेक्कनेन्सिस. 1851 पासून ते नाव शास्त्राला ठाऊक आहे.

दगड उलटा कर. चिठ्ठी दिसली? जागा आणि तारीख तिथल्या तिथेच लिहायची असते. कुठला ते ठाऊक नसलेला दगड मुका होतो. खालची ओळ वाच. दगड फुटतो तेव्हा मासा दोन्ही बाजूंना उमटतो, एकीकडे उठावाचा, एकीकडे खोलगट. आम्ही दोघांनी एकेक घेतला. म्हणून तिथे लिहिलंय, ‘जोडीचा तुकडा आयस्लेबेनला.’