छातीत दुखले की ‘पित्तच असेल’ म्हणू नका!

मैत्रिणींनो, ‘ह्यांच्या’ छातीत जराशी कळ आली तर आपण काय करतो? हातातले काम टाकून डॉक्टरांकडे धावतो. आणि आपल्याच छातीत दुखले तर? कपभर थंड दूध पितो नि पुन्हा पोळ्या लाटायला लागतो! “पित्त झालंय, दुसरं काय!” हे वाक्य ओठांवर तयारच असते. हृदयविकार म्हणजे पुरुषांचे दुखणे, ही समजूत मात्र साफ चुकीची आहे.

हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवते, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूंनाही रक्त लागतेच. ते नेणाऱ्या रोहिण्यांच्या अस्तरात वर्षानुवर्षे चरबीचा थर साचतो आणि वाट अरुंद होते. बसल्या जागी काही जाणवत नाही. पण जिना चढताना किंवा पाण्याची बादली उचलताना छातीवर दडपण येते, आणि विसावा घेतला की काही मिनिटांत थांबते. हा ‘अंजायना’. थांबले म्हणून विसरू नका, डॉक्टरांना दाखवा. असे पहिल्यांदाच होत असेल, वाढत असेल किंवा बसल्या बसल्या होत असेल, तर त्याच दिवशी!

हा थर कधी तडकतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. हाच हार्ट अ‍ॅटॅक. मग विसाव्यानेही दुखणे थांबत नाही. स्नायू मरू लागतो.

मग पित्त कसे ओळखायचे? पित्तात बहुधा जेवणानंतर किंवा आडवे झाल्यावर जळजळ होते, घशाशी आंबट येते. स्नायूचे दुखणे बोटाने दाबले की एका जागी दुखते, कूस बदलली की वाढते. पण हे झाले ठोकताळे! खात्री ई.सी.जी. आणि रक्ताच्या तपासणीनेच होते. पहिला ई.सी.जी. ठीक आला, तरी दुखणे चालू असेल तर तो पुन्हा काढावा लागतो.

बायकांमध्ये तर छातीतल्या कळेबरोबर, क्वचित तिच्याशिवायही, धाप, मळमळ, विलक्षण थकवा, पाठीत किंवा जबड्यात दुखणे अशी लक्षणे दिसतात. म्हणूनच ती ‘दगदगीवर’ ढकलली जातात.

आता हे मात्र कपाटावर लिहून ठेवा, बरे का! छातीवर दडपण, दरदरून घाम, धाप, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, यांतले काही अचानक सुरू झाले की लगेच १०८ ला फोन करा. ‘हे’ ऑफिसातून येईपर्यंत थांबू नका, एकटीने रिक्षा शोधत फिरू नका. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन असो वा अँजिओप्लास्टी, जितक्या लवकर तितका स्नायू वाचतो.

आणि आज काय कराल? रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्या. पाळी थांबल्यावर धोका वाढतो. गरोदरपणी रक्तदाब किंवा साखर वाढली होती, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. दात घासायची मिश्री ही तंबाखूच आहे, ती सोडा. लोणच्या-पापडाला आवर घाला, रोज अर्धा तास झपझप चाला.

डॉक्टरांनी तपासून “पित्तच आहे” म्हटले, तर लाजू नका. फेरी फुकट गेली असे समजू नका. उलट हसत घरी या, आणि मग खुशाल थंड दूध प्या!