वाटेबाहेर सांडणारा प्रकाश

अपवर्तनांक जास्त असलेल्या पदार्थाची अरुंद वाट आखली आणि भोवती कमी अपवर्तनांकाचा पदार्थ ठेवला, की वाटेत शिरलेला प्रकाश कडांवरून परावर्तित होत आतल्या आत पुढे जात राहतो. या वाटेला प्रकाशवाहक किंवा वेव्हगाइड म्हणतात. ऑप्टिकल फायबर हा त्याचा सर्वपरिचित प्रकार. दूरसंचारासाठी त्याचा पाया घालणारे चार्ल्स काओ यांना 2009 मध्ये नोबेल मिळाले. चिपवरचा सिलिकॉनचा वाहक त्याहून कितीतरी बारीक असतो. त्याची रुंदी साधारण 450 ते 500 नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी.

प्रकाश सगळाच्या सगळा आत राहिला असता, तर या वाहकाचा सेन्सर झालाच नसता. प्रत्यक्षात त्याचे क्षेत्र पृष्ठभागाबाहेर शे-दोनशे नॅनोमीटरपर्यंत पसरते आणि झपाट्याने विरते. एवढ्याशा पट्ट्यात एखादा रेणू चिकटला, तरी वाहकातल्या प्रकाशाचा वेग किंचित बदलतो. हा बदल मोजण्यासाठी वाहक वळवून काही मायक्रॉनांचे वर्तुळ करतात. त्याच्या परिघात ज्यांच्या लाटा पूर्णांकात बसतात, त्याच तरंगलांबी वर्तुळात टिकतात. रेणू चिकटले की ही तरंगलांबी सरकते आणि लेसरने ती वाचता येते.

मात्र काय चिकटले, हे वाहकाला कळत नाही. ती निवड वरचा थर करतो. रोगनिदानासाठी तिथे प्रतिपिंडे बसवतात. हायड्रोजनसाठी टंगस्टन ऑक्साइडमध्ये प्लॅटिनम किंवा पॅलेडियमचे सूक्ष्म कण मिसळलेला संमिश्र थर देतात. धातूच्या कणांवर हायड्रोजनचा रेणू फुटतो, सुटे अणू ऑक्साइडमध्ये शिरतात आणि फिकट थर निळा पडून प्रकाश शोषू लागतो. धातू किंवा ऑक्साइड एकेकटे हे काम इतके चांगले करत नाहीत. हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला की स्फोटाचा धोका असतो. अशा जागी विजेची ठिणगी न उडणारा सेन्सर हवाच.

वाहक स्वतःही संमिश्राचा करता येतो. पॉलिमरचा अपवर्तनांक 1.5 च्या आसपास असतो. त्यात टायटॅनियम डायऑक्साइडचे कण घातले की तो वाढतो. कण मात्र तरंगलांबीच्या मानाने फारच लहान हवेत. व्यास दुप्पट झाला, तर एकेका कणाकडून विखुरणारा प्रकाश 64 पट होतो, आणि कण एकमेकांना चिकटून गोळे झाले तरी तीच गत. म्हणून कणांवर सेंद्रिय लेप देऊन त्यांना सुटे ठेवावे लागते. सेन्सरच्या कारखानदारीतले खरे कसब इथेच लागते.

सर्वांत मोठा त्रास तापमानाचा. सिलिकॉनच्या वर्तुळाची तरंगलांबी एका अंश सेल्सिअसने सुमारे 0.08 नॅनोमीटर सरकते. चिकटलेल्या रेणूंचा परिणाम पुष्कळदा याहून लहान असतो. तापल्यावर सिलिकॉनचा अपवर्तनांक वाढतो, पॉलिमरचा घटतो. त्यामुळे पॉलिमरचे आवरण दिले की दोन्ही परिणाम बरेचसे एकमेकांना मारतात. पण हे आवरण ओलावा शोषून फुगते, शिवाय मोजायच्या पदार्थाला वाहकापर्यंत पोहोचू देत नाही. यावर सरळ उपाय म्हणजे त्याच चिपवर दुसरे, पूर्ण झाकलेले वर्तुळ ठेवायचे आणि त्याचे वाचन उघड्या वर्तुळाच्या वाचनातून वजा करायचे.