रोजचा 180 लिटरचा विसर्ग

पावसाळ्यात पाटणला दोन आकडे सगळ्यांच्या तोंडी असतात: धरणात किती टीएमसी आणि खाली किती क्युसेक. कोयनेची क्षमता 105.25 टीएमसी, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. पण त्याच पोराच्या पाठीत, बरगड्यांच्या आडोशाला असलेल्या मुठीएवढ्या दोन किडन्यांचा हिशेब कुणी विचारत नाही. मोठ्या माणसात त्या रोज सुमारे 180 लिटर पाणी रक्तातून बाहेर काढतात आणि दीड-दोन लिटर सोडून सगळं परत रक्तात घेतात.

किडनीला गाळणी म्हणायची आपल्याला सवय आहे. ही उपमा अर्धवट आहे. गाळणं हा पहिला आणि त्यातल्या त्यात सोपा टप्पा. एकेका किडनीत दहाएक लाख नेफ्रॉन. प्रत्येकाच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा झुपका असतो, त्यातून पाणी, मीठ, साखर, युरिया सगळंच नळीत उतरतं. अंगातला तीन लिटर रक्तद्रव असा दिवसाला साठेक वेळा गाळला जातो. खरं काम पुढे आहे. दिवाळीच्या आधी अख्खं घर अंगणात काढावं आणि लागेल तेवढंच आत न्यावं, तशी ही तऱ्हा.

पाणी किती परत घ्यायचं, हे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून येणारं संप्रेरक ठरवतं. रानात घाम गाळलेला असला की ते वाढतं, नळीच्या शेवटच्या भागात पाण्याच्या वाटा उघडतात आणि लघवी थोडी, गडद पिवळी होते. तांब्याभर पाणी जास्त प्यालं की उलटं.

रक्तप्रवाहाची व्यवस्था मला सगळ्यात नवलाची वाटते. कोयनेतून विसर्ग वाढवताना सांगलीच्या आयर्विन पुलावरची पातळी बघावी लागते. नेफ्रॉनही खालची पातळी बघतो. त्याची नळी खोल उतरते, वळसा घेऊन वर येते आणि चक्क आपल्याच तोंडाला येऊन टेकते. तिथल्या पेशी नळीतलं मीठ जोखतात. ते जास्त आलं तर आत येणारी रक्तवाहिनी आवळली जाते, कमी आलं तर सैल होते. शिवाय दाब वाढला की ती वाहिनी स्वतःहूनही आकसते. त्यामुळे सरासरी रक्तदाब 80 असो की 160, किडनीतून मिनिटाला लिटरभर रक्त जवळपास तसंच वाहत राहतं.

अंगातलं पाणी आटलं, की ही वाहिनी उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं धावून येतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या नेमकी तीच अडवतात. दिवसभर उन्हात राबून कंबर धरते, पाणी पोटात गेलेलं नसतं आणि दुकानातून आणलेली गोळी घेतली जाते. म्हाताऱ्या माणसाची किडनी तेवढ्यानेही बसू शकते.

पोटॅशियमचा कारभार तर फारच काटेकोर. शरीरातलं 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत कोंडलेलं असतं. बाहेर सगळं मिळून 60-70 मिलिमोल. अर्धा लिटर शहाळ्याच्या पाण्यात तीसेक मिलिमोल असतं, म्हणजे बाहेरच्या साठ्याच्या जवळजवळ निम्मं! तरी शहाळं पिऊन आपण मजेत असतो, कारण इन्सुलिन ते तात्पुरतं पेशींत ढकलतं आणि पुढच्या काही तासांत किडनी ते लघवीवाटे काढून टाकते. गाळलेलं पोटॅशियम नळी आधी बहुतेक सगळं परत घेते. मग अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या हुकमाने सोडियम आत ओढून नको तेवढं पोटॅशियम बाहेर सोडते. रक्तातला आकडा 3.5 ते 5 मध्ये राहायला हवा. साडेसहाच्या वर गेला, तर हृदयाची लय कधी बिघडेल सांगता येत नाही.

किडनी थकलेल्या माणसाला हे सगळं स्वयंपाकघरात करावं लागतं. डायलिसिसचं यंत्र आठवड्यातून दोन-तीनदा, चारेक तास चालतं. मधल्या दिवसांत शहाळं बंद, केळं बंद, पाणी मोजून. बटाटा सोलून, बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायचा, ते पाणी मोरीत ओतायचं आणि मग भाजी फोडणीला टाकायची.