स्लॅबखालच्या खोलीत

एप्रिलमध्ये ताईच्या गच्चीवर वाळवण पडतं. सांगलीच्या विश्रामबागेत शंभर फुटी रस्त्याच्या आतल्या गल्लीत तिचं घर आहे. सकाळी नऊला घातलेले उडदाचे पापड दुपारी दोनपर्यंत कडकडीत होतात, इतका तो स्लॅब तापतो. त्याच स्लॅबखाली माझ्या भाच्याची खोली आणि खोलीत टेबलाखाली त्याचा गेमिंगचा पीसी. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या या पोरानं मला फोन करून विचारलं, "मामा, ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करू का? जळणार नाही ना?"

मी येईपर्यंत हात लावू नको म्हटलं. शनिवारी रात्री गेलो, आणि ते दोन दिवस अन् पुढचा शनिवार-रविवार आम्ही दोघं त्या खोलीत होतो.

"जळणार नाही ना" हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलोय. वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. उसाला पाणी देणाऱ्या पंपांच्या मोटारी जळून यायच्या. व्होल्टेज पडलं की मोटार जास्त करंट ओढते, वाइंडिंग तापतं, वार्निश करपतं. त्या करपलेल्या वार्निशचा वास दुकानाच्या भिंतींत मुरला होता. आलेल्या शेतकऱ्याला वडील आधी एवढंच विचारायचे, "चालू असताना हात लावून बघितला होता का?" इन्सुलेशनला सोसेल त्यापेक्षा दहा अंश जास्त उष्णता सतत राहिली, तर त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं, हा त्या धंद्यातला ठोकताळा. तो मी त्यांच्याकडून शिकलो, आणि संगणकातल्या कपॅसिटरलाही तो जवळपास तसाच लागू पडतो, हे पुढे कळलं.

ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे चिप ठरवून दिलेल्या गतीपेक्षा जास्त गतीनं चालवणं, हेही मी याच विश्रामबागेत पाहिलं, १९९९ मध्ये, वालचंद कॉलेजच्या होस्टेलवर. इंटेलनं आदल्या वर्षी सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला होता. मदरबोर्डवर बसचा वेग ६६ वरून १०० केला की ३०० मेगाहर्ट्झचा तो प्रोसेसर ४५० वर चालायचा. दीडपट! पैसे ३०० चे, काम महागड्या प्रोसेसरचं. तेव्हा ओव्हरक्लॉकिंग म्हणजे खरोखरची कमाई होती. ती आठवण माझ्या पिढीनं पुढच्या पिढीच्या कानावर घातली आणि भाचा तिच्याच मागे लागला होता.

पण मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली. २०१२ मध्ये एनव्हिडियानं जीटीएक्स ६८० बरोबर जीपीयू बूस्ट आणलं. तेव्हापासून कार्ड स्वतःच स्वतःचं ओव्हरक्लॉकिंग करतं. वीज किती खर्च होते, तापमान किती, व्होल्टेज किती, हे सतत मोजत, जागा शिल्लक दिसली की गती वाढवतं, संपली की उतरवतं. भाच्याचं कार्ड १२ जीबीचं आरटीएक्स ३०६०. कागदावर त्याची बूस्ट गती १,७७७ मेगाहर्ट्झ, पण प्रत्यक्षात ते कुणी काही न सांगताच १,८५० च्या आसपास पळत होतं. आम्ही होस्टेलवर जी मलई काढत होतो, ती आता कारखान्यातच काढून कार्डाबरोबर मिळते. उरतं ते तळाशी लागलेलं.

पहिल्या रात्री आम्ही एकही आकडा बदलला नाही. कॅबिनेटची बाजू उघडली. पुढच्या जाळीमागे धुळीचा असा थर बसला होता, की बोटानं ओढला तर गोधडीसारखा सोलून निघाला. सांगली-मिरज रस्त्यावरची धूळ, त्यात कपड्यांचे तंतू. कार्ड बाहेर काढलं, पंखे बोटानं धरून ठेवले आणि ब्लोअरनं पात्यांमधली धूळ उडवली. पंखे धरायचे ते अशासाठी, की हवेच्या झोतानं ते भलत्याच वेगानं फिरले तर बेअरिंगला मार बसतो. मग खोलीतल्या प्लगचं अर्थिंग तपासलं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटरनं एक व्होल्टसुद्धा दाखवला नाही, तेव्हाच माझा जीव भांड्यात पडला. पॉवर सप्लाय ५५० वॉटचा, म्हणजे एनव्हिडिया या कार्डासाठी सांगते तेवढा.

धूळ काढण्याआधी कार्ड ८४ अंशांवर जाऊन टेकत होतं. नंतर ७८. आणि गती आपोआप ३० मेगाहर्ट्झनं वाढली. या पिढीतल्या कार्डांची गती १५-१५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी चढते-उतरते, थंड झाल्यावर त्यानं दोन पायऱ्या स्वतःहून चढून दाखवल्या. भाचा स्क्रीनकडे बघतच राहिला. "काहीच केलं नाही की आपण," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एमएसआय आफ्टरबर्नर उघडलं. कुठल्याही कंपनीच्या कार्डावर हा प्रोग्रॅम चालतो. पॉवर लिमिट, कोअर क्लॉक, मेमरी क्लॉक आणि पंख्याचा वेग, अशा सरकपट्ट्या त्यात असतात. आधी मूळ स्थितीत थ्रीडीमार्कची टाइम स्पाय चाचणी तीनदा घेतली. ग्राफिक्सचे गुण ८,७०० च्या आसपास. वहीत तारीख, वेळ, खोलीचं तापमान, गुण, वॉट आणि अंश असे रकाने आखले. वही ठेवायची हा माझा हट्ट होता, कारण आकडे लिहून ठेवले नाहीत तर दुसऱ्या दिवशी माणसाला आपल्याला हवं तेच आठवतं.

कोअर क्लॉक १५ नं वाढवायचा, चाचणी घ्यायची, लिहायचं. ६० ला काही नाही, ९० ला काही नाही, १३५ लाही चाचणी पार. १६५ ला पडदा काळा झाला. भाच्यानं माझा दंड धरला. थोड्याच वेळात पडदा परत आला. ग्राफिक्स कार्डाकडून दोन सेकंद उत्तर आलं नाही, की विंडोज स्वतःच ड्रायव्हर बंद करून पुन्हा सुरू करतं. जळलं काही नव्हतं. चिपमधला संदेश पुढच्या ठोक्याच्या आत पोचला नाही, हिशेब चुकला, इतकंच. गती जास्त झाली म्हणून होणारी चूक आणि कार्डाला होणारी इजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळी भीती त्यांची गल्लत झाल्यामुळे आहे.

खरी इजा करतं ते व्होल्टेज आणि उष्णता. दोन्ही जास्त असतील तर चिपमधल्या सूक्ष्म तारांतले धातूचे अणू विजेच्या प्रवाहाबरोबर हळूहळू सरकतात, तार कुठे तरी बारीक होत जाते आणि काही वर्षांनी तुटते. म्हणूनच एनव्हिडियानं व्होल्टेजची वरची मर्यादा कार्डाच्या बायोसमध्ये कुलूपबंद केली आहे. आफ्टरबर्नरच्या पट्ट्या कितीही ओढल्या तरी त्या कुलपाच्या आतच राहतात. कुलूप तोडायचं, म्हणजे दुसराच बायोस घालायचा किंवा बोर्डवर डाग देऊन व्होल्टेज वाढवायचं, या वाटेला जायचं नाही असं मी भाच्याला स्पष्ट सांगितलं. वॉरंटीही तिथेच संपते.

मेमरीनं आम्हाला जास्त शिकवलं. आफ्टरबर्नरमध्ये ती ७,५०० दिसते. ४०० वाढवली, गुण वाढले. ८०० वाढवली, आणखी वाढले. १,२०० ला पडद्यावर एकही ठिपका नाही, काही अडलं नाही, आणि गुण मात्र ८०० वाढवल्यावर आले होते त्यापेक्षा कमी! भाच्याला वाटलं मी चुकीचं लिहिलं. पुन्हा घेतली, पुन्हा तेच. ही मेमरी वाटेत बिघडलेली माहिती ओळखू शकते, आणि ती परत पाठवावी लागते. म्हणजे ठोके वाढले, पण त्यातले बरेच परत पाठवण्यात गेले. नुसता वाढलेला आकडा बघून खूश होणारा माणूस इथे हळू चालणारं कार्ड घेऊन बसतो आणि त्याला ते कळतही नाही.

रविवारी दुपारी खोलीत ३९ अंश होते. सकाळी चाचणी पार केलेल्या १३५ वर भाचा सायबरपंक खेळायला बसला आणि चाळिसाव्या मिनिटाला गेम बंद पडला. सकाळचं यश दुपारी टिकलं नाही, कारण चिप जितकी गरम, तितकी त्याच गतीला ती कमी भरवशाची. खोलीचा एक अंश म्हणजे कार्डाचाही जवळपास एक अंश. थंड देशातल्या कुणी तरी टाकलेले आकडे उचलून सांगलीच्या एप्रिलमध्ये घालणं म्हणूनच चुकीचं आहे. शेवटी १०५ वर थांबलो, मेमरी ८०० वर.

त्याच्या मित्राकडे तेच मॉडेल आहे आणि ते १५० वर बिनतक्रार चालतं, याचं भाच्याला वाईट वाटत होतं. त्याला मी मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांची आठवण करून दिली. एकाच शेतातली हळद, पण हळकुंडं निराळी, गड्डे निराळे, कणी निराळी, आणि हळकुंडांतही दोन ढिगांचा भाव सारखा नाही. चिपचंही तसंच. ३०६० मधल्या जीए१०६ चिपवर एकूण ३,८४० कोअर असतात, त्यांतले ३,५८४ चालू ठेवून ती ३०६० म्हणून विकली जाते. एकाच सिलिकॉनच्या चकतीतून कापलेल्या चिपांतही कुणी जास्त सोसते, कुणी कमी. ते आपल्या हातात नाही.

आता हिशेब. गुण ८,७०० चे ९,२६०. म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या आत. सायबरपंकमध्ये सेकंदाला सरासरी ६२ फ्रेम होत्या, त्या ६५ झाल्या. भाच्याला पाठमोरा बसवून मी सेटिंग बदलत होतो आणि मग तो ओळखायचा प्रयत्न करत होता. पाचपैकी दोनदा बरोबर. व्हॅलोरंट या गेममध्ये तर एक फ्रेमही वाढली नाही, कारण तिथे अडतो तो प्रोसेसर. ग्राफिक्स कार्ड त्याची वाटच बघत बसलेलं असतं. आणि याच्या बदल्यात पंखा इतका घोंघावत होता, की खालून ताईनं विचारलं, "मिक्सर लावलाय का रे वर?"

पुढच्या शनिवारी मी त्याला म्हटलं, आता उलट्या बाजूनं जाऊ. चिपला लागणारी वीज गतीच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. म्हणून व्होल्टेज थोडं उतरवलं तरी वीज बरीच उतरते. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज आणि गतीचा आलेख उघडतो. कार्ड १ व्होल्टच्या आसपास चालत होतं. आम्ही ०.८५० व्होल्टचा ठिपका १,८०० मेगाहर्ट्झवर नेला आणि त्यापुढची रेघ सपाट केली. वर्गाचा हिशेब केला तर ०.८५ गुणिले ०.८५ म्हणजे ०.७२. चिपच्या विजेत चौथ्या हिश्शाहून जास्त बचत व्हायला हवी. मीटर बघितला. मेमरी-पंखे धरून १७० वॉटचं कार्ड १३४ वर आलं होतं. तापमान ६९. गुण ८,५५०, म्हणजे मूळच्यापेक्षा दोन टक्क्यांहून कमी घट. मेमरी ६०० नं वाढवली तेव्हा गुण ८,९०० झाले. मूळच्यापेक्षा जास्त, आणि वीज १४० वॉटच्या आत!

त्या क्षणी मला दुकान आठवलं. मोटारीवर भार टाकून टाकून पाणी वाढत नाही, हे वडील लोकांना वर्षानुवर्षं सांगत राहिले. व्हॉल्व्ह, फूटव्हॉल्व्ह, पाइपची गळती आधी बघा म्हणायचे.

तीसेक वॉट म्हणजे फार नाहीत असं वाटेल. पण कार्डात गेलेला प्रत्येक वॉट उष्णता होऊन त्याच खोलीत येतो, आणि त्या खोलीला वरून स्लॅब आधीच भाजत असतो. रोज चार तास, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर ३५-४० युनिटही वाचतात. मला मात्र युनिटपेक्षा पंखे महत्त्वाचे वाटतात. ग्राफिक्स कार्डात लवकर झिजणारा भाग पंखा, आणि तो आता अर्ध्या वेगानं फिरतो.

आफ्टरबर्नरमध्ये प्रोफाइल साठवायला पाच जागा आहेत. भाच्यानं एकमध्ये ओव्हरक्लॉक ठेवलं, डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींसाठी, आणि दोनमध्ये हे नवं. ओव्हरक्लॉक पुसून टाक असं मी म्हटलं नाही. वेळ घालून त्यानं ते स्वतः शोधलं होतं, आणि कार्डाच्या कुलपाच्या आत राहून ते सुरक्षितच आहे.

रविवारी दुपारी दोनला तो दोन नंबर लावून खेळत होता. मी कॉटवर पडलो होतो. स्लॅबवर पावलं वाजली, मग पापडांचं प्लॅस्टिक ओढल्याचा आवाज आला. भाच्यानं कानावरचा हेडफोन सरकवला, वर बघितलं आणि म्हणाला, "आई वाळवण गोळा करतीय. जाऊन येतो."