टेबल अडकतं तेव्हा

आता प्रश्न आला, "एक्स अक्ष मध्ये छान चालतो, टोकाला गेला की अडकतो. मोठी मोटर लावू का?" नको! इथे नाशिक रोडला आम्ही तसंच केलं होतं, मोटरचा करंट वाढवला आणि ॲल्युमिनियमचा एक जॉब घालवला. साध्या स्टेपर मोटरला पावलं चुकल्याचं कळतच नाही. ८ मिमी लीडचा स्क्रू, फेऱ्याला २०० पावलं, म्हणजे एक पाऊल ०.०४ मिमीचं. घसरते ती चार-चार पावलांनी, म्हणजे गेले ०.१६. स्क्रीनवरचा आकडा मात्र बरोबर!

म्हणून आधी वीज बंद करायची. नटाचे बोल्ट काढून टेबल नुसतं हाताने सरकवून बघायचं. तरीही टोकाला घट्ट? मग बहुधा रेल समांतर नाहीत, डायल लावा. मोकळं चालतंय? मग नट आणि बेअरिंग एका रेषेत नाहीत. लांब स्क्रू मध्यावर थोडा वाकून घेतो, बेअरिंगजवळ त्याला तेवढा वाव नसतो. (दर फेऱ्याला एकदा अडकत असेल तर स्क्रूच वाकडा.)

आम्ही टेबल बेअरिंगपाशी नेलं, नटाला आपली जागा घेऊ दिली आणि तिथेच बोल्ट आवळले. दुसऱ्या टोकाला अजून किंचित जड लागत होतं, ते नटाखाली पातळ पत्र्याची शिम घातल्यावर गेलं. मग करंटही पुन्हा खाली आणला.