अट दुसऱ्यांसाठी, मग स्वतःसाठी काय?

२००३च्या जानेवारीत कोरी डॉक्टरोव्ह यांची पहिली कादंबरी दोन वाटांनी वाचकांपर्यंत गेली. ‘डाउन अँड आउट इन द मॅजिक किंगडम’ इंटरनेटवर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळत होती. कुणालाही द्या, पण तिच्यावर पैसे कमवू नका, अशी अट होती. त्याच वेळी दुकानांत तिची छापील प्रत विकली जात होती.

लेखकाने स्वतःचीच अट मोडली का? नाही. परवाना म्हणजे कॉपीराइटच्या मालकाने इतरांना दिलेली मुभा. स्वतःच्या लेखनासाठी मालकाला अशी मुभा मागावी लागत नाही. मराठी विकिपीडियावर लिहिणाऱ्यांनाही हेच लागू पडते. स्वतः लिहिलेला मजकूर ते आपल्या पुस्तकात वेगळ्या अटींवर छापू शकतात. मात्र त्याच लेखात इतरांनी घातलेली भर उचलली, की श्रेय द्यावे लागते आणि विकिपीडियाचा परवानाही पाळावा लागतो.

खरी गुंतागुंत इथूनच सुरू होते. लिनक्स या संगणक-प्रणालीचा गाभा लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१मध्ये लिहायला घेतला, पुढच्याच वर्षी तो जीपीएल परवान्याखाली आणला. बदललेली आवृत्ती इतरांना देताना तीही त्याच अटींवर खुली ठेवा, असे हा परवाना सांगतो. त्यानंतर हजारो प्रोग्रामरांनी त्यात कोड लिहिला आणि त्या त्या कोडचा हक्क लिहिणाऱ्यांकडे किंवा त्यांच्या कंपन्यांकडेच राहिला. त्यामुळे आज खुद्द टॉरव्हाल्ड्सही लिनक्सची बंदिस्त आवृत्ती काढून विकू शकत नाहीत. जनकालाही बांधून ठेवणारी ही व्यवस्था लिनक्सचे मोठे बळ आहे.

हॅशिकॉर्प या कंपनीची गोष्ट उलटी. तिच्या ‘टेराफॉर्म’ या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरचे लोक भर घालत, पण त्याआधी कंपनीशी करार करून तिला व्यापक हक्क देत. ऑगस्ट २०२३मध्ये कंपनीने पुढच्या आवृत्त्यांसाठी मुक्त परवाना सोडून अधिक बंधने असलेला परवाना लावला. कायद्याने तिला ते करता येत होते. पण खुल्या परवान्यावर विश्वास ठेवून फुकट राबलेल्यांना न विचारता तो बदलणे अन्यायाचेच होते. जुन्या आवृत्त्यांना दिलेली मुभा मात्र कायम राहिली आणि त्याच कोडवर ‘ओपनटोफू’ हे वेगळे, खुले सॉफ्टवेअर उभे राहिले.

हक्क विकून टाकला, तर निर्माता स्वतःच्या कृतीपुढेही परका ठरतो. अमेरिकी गायक जॉन फोगर्टी यांच्या १९७०च्या एका गाण्याचे हक्क फँटसी कंपनीकडे होते. फोगर्टींचे नवे गाणे त्या जुन्या गाण्याची नक्कल आहे, असा दावा कंपनीने लावला. फोगर्टी साक्षीला गिटार घेऊन गेले आणि आपली गाणी कशी घडतात ते वाजवून दाखवले. १९८८मध्ये ज्युरीने त्यांच्या बाजूने कौल दिला.